मॉरिशस: तार लवकर आली, बोलायची मुभा उशिरा

विभाग: देश-विदेश
धागाकर्ता: खंड्या

नमस्कार मंडळी. चार वर्षं मॉरिशसला होतो, एबेनच्या सायबरसिटीत नेटवर्कच्या नोकरीत. राहायला क्वात्र बोर्नला. परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ती नीट लिहून काढावी म्हणून हा धागा.

१५ जानेवारी २०२४, सोमवार. बेलाल नावाचं चक्रीवादळ बेटाजवळ आलं होतं. कचेरीचा निरोप होता, काम चालू आहे, या. मी गेलो. माझा एक सहकारी राजधानीत, पोर्ट लुईत, एका ग्राहकाकडे गेला. दुपार व्हायच्या आत त्याच्या फोनवरून चित्रफीत आली: रस्त्यावर छातीएवढं पाणी आणि त्यात गाड्या एकमेकींवर आपटत तरंगताहेत. त्याची गाडी त्यातच होती. तो एका इमारतीच्या जिन्यात उभा होता आणि मला विचारत होता, "इशारा कितव्या क्लासचा आहे आत्ता?" मी इंजिनिअर, हातात बेटावरचं सर्वांत वेगवान फायबर, आणि मला धड सांगता येईना.

तिथली इशाऱ्याची पद्धत जुनी आणि फार विचारपूर्वक केलेली आहे. तासाला १२० किलोमीटरचे झोत यायच्या ३६ ते ४८ तास आधी क्लास १. पुढे क्लास २. झोतांच्या आधी उजेडाचे सहा तास हाताशी असताना क्लास ३, म्हणजे घराबाहेर पडू नका. झोत प्रत्यक्ष नोंदले गेले की क्लास ४. सारी घडी वाऱ्यावर बसवलेली. बेलालच्या दिवशी माणसं अडकली ती पाण्यात. इशारा वरच्या वर्गात न्यायला उशीर झाला अशी टीका झाली आणि हवामान खात्याच्या संचालकांनी राजीनामा दिला. मोबाईल मनोरे चालू, फायबर चालू, टीव्ही चालू, आणि हवी ती गोष्ट वेळेवर सांगणारं कोणी नाही.

तेव्हापासून मी या बेटाच्या संपर्कसाधनांचा इतिहास वाचतोय. बेट केवढं? १८६५ चौरस किलोमीटर, आपल्या गोव्याच्या साधारण निम्मं. माणसं साडेबारा लाख. पण साधन प्रत्येक वेळी लवकर आलं. ब्रिटनबाहेरच्या ब्रिटिश वसाहतींतली पहिली टपाल तिकिटं इथली, १८४७ ची, एक पेनी आणि दोन पेन्सची, प्रत्येकी फक्त ५०० छापलेली. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ ला सुरू झालं, मॉरिशसला टेलिफोन १८८३ ला. समुद्राखालची तार झांझिबारहून सेशेल्समार्गे १८९३ ला पोहोचली. मोबाईल १९८९ ला. आपल्याकडे पहिला मोबाईल कॉल झाला १९९५ ला.

आता दुसरी बाजू बघा. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन, म्हणजे एमबीसी, १९६४ ला स्थापन झालं. १९६५ ला टीव्ही आला. देश १९६८ ला स्वतंत्र झाला. आणि सरकारी नसलेला पहिला रेडिओ? २००२. खासगी टीव्हीची तर वर्षानुवर्षं नुसती चर्चा. तार आली की बोलायची मुभाही आपोआप येते, असं मी नोकरीची पहिली दहा वर्षं मानत होतो. या बेटाने माझा तो समज पार मोडला.

इथे कोणी तिथे राहिलेलं असेल, तिथलं असेल, या विषयात काम केलेलं असेल तर लिहा. मला खरंच शिकायचं आहे.

काजवा

चांगला धागा. एक प्रश्न. फायबर-मोबाईलच्या आधी हे क्लास १, क्लास २ लोकांना कळायचे कसे? आमच्याकडे हर्णै बंदरावर बावटा लागायचा. तीन नंबरचा बावटा लागला की आजोबा होडी वर ओढून घ्यायचे. रेडिओवर काय सांगतात त्याची वाट कोणी बघत नसे.

खंड्या

काजवा, तिथेही बावटाच! पोलीस ठाण्यांवर आणि सरकारी इमारतींवर लाल बावटे चढवायचे. क्लास १ ला एक, क्लास २ ला दोन, क्लास ३ ला तीन. क्लास ४ ला एकही नाही, कारण तोवर बावटा बघायला कोणी बाहेर नसावं. ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे रेडिओ नाही, ज्याची भाषा कोणतीही असो, त्याला कळतं. माझ्या मते या बेटावरचं सर्वांत चांगलं माध्यम हेच.

पोर्ट लुईच्या डोक्यावर एक डोंगर आहे, त्याचं नावच सिग्नलचा डोंगर. जहाज दिसलं की तिथून खाली शहराला खूण जायची.

विहीरकर

वृत्तपत्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मॉरिशसचं पहिलं वृत्तपत्र १७७३ चं, फ्रेंच अमलातलं. आपल्याकडे हिकीचं बंगाल गॅझेट निघालं १७८० ला आणि बाळशास्त्री जांभेकरांचं दर्पण १८३२ ला. म्हणजे त्या एवढ्याशा बेटावर छापखाना आपल्या आधी चालू होता. पण ते पत्र जाहिराती, जहाजांच्या खबरा आणि सरकारी सूचनांचं. मत मांडायची सोय त्यात नव्हती.

ती सोय आली १८३२ ला, दर्पण निघालं त्याच वर्षी. ल सेर्नेआं हे पत्र आद्रियां देपिने यांनी काढलं. हे गृहस्थ वकील. लंडनला जाऊन त्यांनी वसाहतीसाठी मुद्रणस्वातंत्र्य मिळवून आणलं. ही हकीकत बहुतेकदा इथेच थांबवतात. पुढची बाजू सांगायलाच हवी: देपिने मळेवाल्यांचे प्रतिनिधी होते. गुलामगिरी उठणार असेल तर भरपाई मिळाल्याशिवाय नाही, यासाठी ते भांडत होते. म्हणजे बेटावरचं पहिलं मोकळं पत्र गुलामांच्या मालकांच्या हातात आलं. गुलामगिरी १८३५ ला उठली, भरपाई मालकांना मिळाली, आणि उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले गेले. त्यांच्याबद्दल पत्रांत छापून यायचं, ते स्वतः काही म्हणतात असं कुठे नसायचं.

हे बदलायला १९०९ उजाडलं. मणिलाल डॉक्टर हे बडोद्याचे वकील गांधीजींच्या सांगण्यावरून १९०७ ला मॉरिशसला गेले. मजुरांचे खटले लढवले. आणि १९०९ ला हिंदुस्थानी नावाचं पत्र काढलं, आधी इंग्रजी-गुजरातीत. पण मजुरांत गुजराती वाचणारे फार थोडे, म्हणून गुजराती सोडून हिंदी घेतली. मला या बदलाचं फार मोल वाटतं. संपादकाने स्वतःची भाषा बाजूला ठेवली, कारण पत्र ज्यांच्यासाठी होतं त्यांची ती नव्हती.

खंड्या

विहीरकर, देपिनेबद्दल मला फक्त अर्धी गोष्ट माहीत होती, मुद्रणस्वातंत्र्यवाली. धन्यवाद. मूळ धाग्यात मी 'बोलायची मुभा उशिरा' म्हटलं, ते दुरुस्त करतो. मुभा १८३२ लाच आली होती, पण ती मोजक्यांना.

पूर्वाई

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी तिथे दोन वर्षं होते, नवऱ्याची बदली होती म्हणून. खासगी रेडिओ आले म्हणजे सगळं सुधारलं असं चित्र उभं राहू नये. वादळात मला भरवसा एमबीसीचाच वाटायचा. एकच आवाज, संथ, ठरलेल्या वेळी, आकडे तेच तेच परत सांगणारा. व्हॉट्सॲपवर त्याच वेळी जुन्या वादळांची छायाचित्रं फिरायची. एकीने तर 'धरण फुटलं' म्हणून पाठवलं होतं, आम्ही मुलांना घेऊन गच्चीवर बसलो दोन तास. काहीही झालं नव्हतं.

लहान देशात अफवा अर्ध्या तासात या टोकापासून त्या टोकाला जाते. एक विश्वासाचं सरकारी माध्यम असणं गरजेचं आहे, असं माझं स्पष्ट मत.

खंड्या

पूर्वाईताई, गरजेचं आहे हे शंभर टक्के मान्य. माझं दुःख वेगळं आहे. वादळात ज्याच्यावर विसंबायचं, त्याच माध्यमाने निवडणुकीत सत्ताधाऱ्यांची बाजू घेतली, ही तक्रार तिथे विरोधात बसलेल्या प्रत्येक पक्षाने केली आहे. पक्ष बदलतात, तक्रार तीच. लोकांनी एमबीसीच्या बातम्या बघायच्याच सोडल्या तर वादळाच्या दिवशी त्या कोण लावणार? विश्वास रोज थोडाथोडा साठतो आणि एका रात्री लागतो. टीव्हीचं शुल्क लोकांच्या वीजबिलातूनच वसूल व्हायचं, म्हणजे ते माध्यम सरकारचं जेवढं तेवढंच लोकांचंही.

खासगी रेडिओंचं सांगायचं तर रेडिओ प्लसचा 'एक्स्प्लिक उ का' हा कार्यक्रम. अर्थ साधारण 'तुमची अडचण सांगा'. गटार तुंबलंय, पेन्शन अडकली आहे, घराचा कागद मिळत नाही, माणूस फोन करतो आणि क्रिओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून आलेल्या रोजच्या बोलीत, सांगतो. मग संबंधित खात्यालाच फोन लावला जातो, सगळं हवेत. आमच्या इमारतीचा रखवालदार सकाळी तो कार्यक्रम लावायचाच लावायचा. तो मला म्हणाला होता, आधी मंत्र्याला भेटायला ओळख लागायची, आता नंबर लागतो.

मात्र २०२१ च्या कायदादुरुस्तीने खासगी रेडिओंच्या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली. दर वर्षी नूतनीकरणासाठी सरकारी दारात उभं राहायचं असेल तर संपादक किती मोकळेपणाने बोलेल?

वाक्वाची_सुमती

नमस्कार. मी मॉरिशसची मराठी आहे. वाक्वा येथे राहते. माझे मराठी शाळेत आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत शिकलेले आहे, म्हणून लिहिताना चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

खंड्या यांनी वादळाबद्दल लिहिले ते वाचून माझ्या आजीची गोष्ट आठवली. १९६० साली कॅरोल नावाचे वादळ आले. आजी तेव्हा काळ्या नदीच्या भागात, मळ्याच्या वस्तीत राहत होती. घर गवताचे. रेडिओ फक्त चिनी माणसाच्या लाबुतिकमध्ये, म्हणजे दुकानात. बातमी फ्रेंच आणि इंग्रजीत. आजीला मराठी, भोजपुरी आणि क्रिओल येत असे, फ्रेंच नाही. दुकानदार ऐकायचा, मोडक्या क्रिओलमध्ये सांगायचा, तिथे उभा असलेला कोणी वस्तीत येऊन भोजपुरीत सांगायचा, आणि आजोबा घरी येऊन मराठीत. आजी म्हणायची, "चार तोंडांतून आलेली बातमी. वारा त्याच्या आधी आला." घर गेले. त्या वादळानंतरच आमच्याकडे सिमेंटची घरे बांधायला सुरुवात झाली.

आज आमच्याकडे बहुतेक सगळ्यांच्या घरात क्रिओल बोलतात. माझ्याही. वर्तमानपत्रे मुख्यतः फ्रेंच. संसदेची भाषा संविधानाने इंग्रजी, फ्रेंच चालते. शाळेत क्रिओल हा विषय आला २०१२ मध्ये. म्हणजे ज्या भाषेत आम्ही रडतो आणि भांडतो ती भाषा शेवटी आली. एमबीसीवर आता क्रिओलची स्वतंत्र वाहिनी आहे, भोजपुरीची आहे. मराठी कार्यक्रमही आहेत, रेडिओवर आणि टीव्हीवर. वेळ थोडा असतो. पण गणेश चतुर्थी आमच्याकडे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, आणि त्या दिवसांत मराठी पडद्यावर दिसते तेव्हा माझी आई जेवण सोडून समोर बसते. तिला सगळे शब्द कळत नाहीत. तरी बसते.

एक प्रामाणिक मत सांगते. वादळाचा इशारा मला मराठीत नको. तो क्रिओलमध्येच हवा, लगेच कळतो. मराठी मला दुसऱ्या गोष्टीसाठी हवी आहे.

काजवा

सुमतीताई, तुमचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. 'चार तोंडांतून आलेली बातमी' वाचून थांबलो.

'दुसऱ्या गोष्टीसाठी' म्हणजे कशासाठी, सांगाल का?

निवृत्त_तारमास्तर

तार खात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची केबलच्या कामात. तेव्हा केबलचं मी सांगतो, कारण वर खंड्यांनी ते एका ओळीत उरकलं आहे.

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ६०० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं त्यांचंच बेट आहे. २० व्या शतकाच्या अगदी सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थपर्यंत समुद्राखालून तार टाकली गेली. ती मॉरिशस, रॉड्रिग्ज, कोकोस अशी टप्प्याटप्प्याने गेली. एवढ्या लांबवर सिग्नल क्षीण होतो, म्हणून मधे माणसं बसवलेली ठाणी लागायची. रॉड्रिग्जला असं ठाणं होतं. ऑस्ट्रेलियाचे लोकरीचे भाव, युद्धाच्या खबरा, सगळं त्या बेटावरून पुढे जायचं. बेटावरच्या माणसांचा त्याच्याशी संबंध फक्त इतकाच की ठाणं त्यांच्या जमिनीवर होतं.

मग काळ बदलला, तार बंद पडली, आणि रॉड्रिग्जचा जगाशी संबंध उपग्रहावर आला. भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटर उंचीवर. सिग्नल वर जाऊन खाली यायचा, उत्तर परत वर जाऊन खाली. प्रकाशाच्या वेगानेही यात अर्धा सेकंद जातो. बोलताना दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. इंटरनेटचं पान उघडायला अशा पंचवीस फेऱ्या लागतात, मग बसा बघत. रॉड्रिग्जला फायबरची केबल पोहोचली २०१९ ला. मॉरिशस ते रॉड्रिग्ज, सुमारे ७०० किलोमीटर. ज्या बेटावर शंभर वर्षांपूर्वी जगाची तार होती, त्याला स्वतःसाठी केबल मिळायला ११०-१२० वर्षं लागली. जाता जाता जोडणं आणि त्यांच्यासाठी जोडणं यात केवढा फरक आहे, ते या एका बेटावर कळतं.

मॉरिशसच्या मुख्य बेटाचं नशीब बरं. २००२ ला सेफ नावाची केबल आली: दक्षिण आफ्रिका, रेयुनियों, मॉरिशस, आपलं कोची, आणि पुढे मलेशियात पेनांग. ती मॉरिशसला दक्षिणेकडे बे जाकोते इथे किनाऱ्याला लागते. त्यानंतर लायन आणि मेटिस या केबल आल्या. एक तुटली तर दुसरी हाताशी असते. बेटाच्या दृष्टीने हे अन्नधान्याच्या साठ्याइतकंच महत्त्वाचं.

अवांतर: मुंबईकरांनी ज्या महानगर टेलिफोनच्या नावाने बोटं मोडली, त्याच कंपनीची उपकंपनी मॉरिशसला मोबाईल सेवा देते. ब्रँडचं नाव चिली. माझे दोन सहकारी तिकडे गेले होते, कामावर खूश होते.

खंड्या

तारमास्तर काका, हे वाचायलाच मी धागा काढला होता असं वाटतंय. रॉड्रिग्जला मी २०२२ मध्ये गेलो होतो. तिथली एक शिक्षिका सांगत होती की केबलच्या आधी ती शनिवारी एक धडा उतरवायला लावून बाजारात जायची, आणि येईपर्यंत तो उतरलेला असेल अशी आशा करायची.

बे जाकोतेचं नाव निघालंच आहे तर पुढचं लिहितो. २०२२ मध्ये मॉरिशस टेलिकॉमचे प्रमुख शेरी सिंग यांनी राजीनामा दिला आणि जाहीर आरोप केला की पंतप्रधानांनी त्यांना केबल उतरते त्या ठाण्यात तिऱ्हाईताला यंत्र बसवू द्यायला सांगितलं. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी तो नाकारला. म्हणाले, ते सुरक्षेसाठीचं सर्वेक्षण होतं आणि त्यासाठी भारतातून तंत्रज्ञ मागवले होते. खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. पण माझ्या रखवालदारापासून माझ्या वरिष्ठांपर्यंत प्रत्येकाने त्या आठवड्यात बे जाकोते हा शब्द उच्चारला. केबलचं ठाणं म्हणजे काय हे ज्यांना कधी ठाऊक नव्हतं, त्यांना ते एका रात्रीत कळलं. बेटाला दरवाजे मोजकेच असतात. दारावर कोण उभं आहे हा प्रश्न तिथे प्रत्येकाचा होतो.

पूर्वाई

हे खरं असो-नसो, राष्ट्रीय सुरक्षेसाठी काही देखरेख लागतेच ना? आणि २०२४ मध्ये निवडणुकीच्या तोंडावर ज्या ध्वनिफिती फुटल्या, त्या एआयने बनवलेल्या आहेत असं सरकार म्हणत होतं. अशा वेळी सरकारने हात बांधून बसायचं का?

खंड्या

ताई, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

आधी २०२१ चं. तिथल्या दूरसंचार प्राधिकरणाने एप्रिल २०२१ मध्ये एक मसुदा लोकांसमोर ठेवला. समाजमाध्यमांवरच्या गैरप्रकारांना आळा घालायचा हा हेतू. उपाय असा: देशातून समाजमाध्यमांकडे जाणारी सगळी वाहतूक आधी प्राधिकरणाच्या सर्व्हरवर वळवायची, तिथे तिचं कुलूप उघडायचं, वाचून ठेवायचं, आणि स्वतःचं कुलूप लावून पुढे पाठवायचं. टपालाची उपमा देतो. पोस्टमास्तरने तुमचं प्रत्येक पाकीट उघडायचं, नक्कल काढायची, आणि आपली लाख लावून परत बंद करायचं. तुम्ही गुन्हेगार आहात असा संशय असण्याची गरज नाही. आणि एकदा का लोकांच्या ब्राउझरला 'ही लाख खरी मान' असं शिकवलं, की त्या सर्व्हरमध्ये कोणी चोर शिरला तरी ब्राउझर त्यालाही खरा मानणार. सुरक्षेच्या नावाखाली देशभरातल्या कुलपांची एकच किल्ली करून ठेवायची. मी त्या दिवसांत रात्री जागून आमच्या गटातर्फे हरकत लिहिली. देशातून आणि बाहेरून खूप जणांनी लिहिलं. तो मसुदा अमलात आला नाही. मला आजही त्या कामाचं समाधान आहे.

आता २०२४. मतदान होतं १० नोव्हेंबरला. त्याआधी काही आठवडे 'मिसिए मुस्तास' या नावाच्या खात्यावरून राजकारणी, पोलीस, पत्रकार यांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली म्हणवणारी संभाषणं बाहेर येत होती. ३१ ऑक्टोबरला प्राधिकरणाने इंटरनेट कंपन्यांना आदेश दिला: ११ नोव्हेंबरपर्यंत समाजमाध्यमं बंद. म्हणजे मतदान उरकेपर्यंत! बातम्या देणाऱ्या कित्येक माध्यमांचा लोकांपर्यंत जायचा रस्ताच फेसबुक होता. विरोध इतका झाला की साधारण एका दिवसात आदेश मागे घ्यावा लागला. निकालात ६२ पैकी ६० जागा विरोधी आघाडीला गेल्या.

मी तेव्हा परतीची आवराआवर करत होतो. ज्या पदपथावर आम्ही सगळे उभे होतो तिथे दुकानातल्या रेडिओचा आवाज वाढवला गेला, माणसं थांबून ऐकू लागली. २००२ चे ते परवाने नसते तर त्या दिवशी ऐकायला काय उरलं असतं, हा विचार तेव्हा आला.

बनावट ध्वनिफितींचं उत्तर खोटेपणा दाखवून देणं हे आहे. दोन-चार फितींसाठी साडेबारा लाख लोकांचं तोंड बंद करणं मला कोणत्याही बाजूने पटत नाही.

पूर्वाई

एवढं तपशिलात मला माहीत नव्हतं. ११ तारखेपर्यंतची बंदी चुकीची, मान्य. माझा गच्चीवरच्या दोन तासांचा मुद्दा तरीही राहतो. अफवेपासून वाचवायची जबाबदारी कोणाची?

विहीरकर

पूर्वाई, त्या जबाबदारीला जोडूनच २०२० चं उदाहरण. २५ जुलैला वाकाशिओ हे जपानी मालकीचं जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. ६ ऑगस्टपासून तेल गळायला लागलं. मधे जवळपास दोन आठवडे गेले. धोका नाही, नियंत्रणात आहे, असं लोकांना सांगितलं जात होतं. मच्छीमार फोनवर चित्रं टाकून सांगत होते की जहाज हलतंय, तडे जाताहेत.

तेल आलं तेव्हा माएबूरच्या किनाऱ्यावर हजारो माणसं उतरली. फेसबुकवरून आणि रेडिओवरून निरोप गेले: उसाचं पाचट आणा, जुने कपडे आणा, केस कापून द्या, केस तेल शोषतात. पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून, त्यांचे लांबच लांब तरंगते बांध केले आणि खाजणात सोडले. तिवरं वाचवायला. आपल्याकडे जे पाचट शेतात जाळून टाकतात, ते.

त्या दोन आठवड्यांत अधिकृत माहिती खरी निघाली नाही आणि फोनवरची निघाली. तेव्हा 'अधिकृत तेच घ्या' एवढं पुरत नाही. दोन-तीन ठिकाणांहून पडताळता आलं पाहिजे.

वाक्वाची_सुमती

विहीरकर, मी तिथे होते. पाचट शिवून शिवून बोटांना फोड आले. माझ्या बाजूला एक चिनी आजोबा, एक मुसलमान मुलगी, आणि मळेवाल्या घराण्यातली एक गोरी बाई शिवत होती. कोणीतरी मोठा रेडिओ आणून वाळूत ठेवला होता. त्यावर जे लागेल ते सगळे ऐकत होतो आणि कोणत्या किनाऱ्यावर किती बांध कमी पडतात ते तिथूनच समजत होते. क्रिओलमध्ये. तेव्हा एकाच तोंडातून बातमी आली.

काजवा यांनी विचारले होते, मराठी कशासाठी. आमच्याकडे गणपतीत झाकरी होते. गोल करून नाचतात, गातात. माझी आजी गायची. तुमच्या कोकणात त्याला जाखडी म्हणतात असे संस्थेत शिकवले. आमच्या झाकरीतले बरेच शब्द आता गाणाऱ्यांनाच कळत नाहीत. पाठ आहेत म्हणून म्हणतात. आजीच्या झाकरीची एक कॅसेट माझ्याकडे आहे, पण अर्धी खराब. इंटरनेटवर लावण्या, नाट्यगीते, सिनेमाची गाणी खूप मिळतात. आमच्या आजीचे मराठी त्यात नाही. ते कोणत्याच वाहिनीवर नाही, तुमच्याकडेही बहुधा नाही.

काजवा

सुमतीताई, माझे चुलत आजोबा गुहागर तालुक्यात जाखडीचे बुवा होते. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात उभे राहायचे. त्यांची सहा-सात गाणी मी २००९ ला मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली होती, आवाज थोडा फाटतो. पाठवू का? निरोपातून ईमेल द्या.

निवृत्त_तारमास्तर

पाठवा, पाठवा. आणि मूळ फाईल पाठवा, व्हॉट्सॲपवरून नको, तो आवाज दाबून टाकतो.

खंड्या

सुमतीताई, कॅसेटची अर्धी बाजू खराब म्हणजे फीत चिकटली आहे की बुरशी आहे? एबेनमध्ये माझा एक मित्र अजून आहे, त्याच्याकडे जुना डेक आहे. काही करून पाहण्याआधी ती अजिबात लावू नका.

वाक्वाची_सुमती

बुरशी आहे, पांढरी. लावणार नाही. तुमच्या मित्राला निरोपातून विचारते.

काजवा, रात्री तुमच्या फाईली आल्या. आईबरोबर बसून ऐकल्या. तिसऱ्या गाण्यावर आई एकदम उठून बसली, चाल आमचीच आहे. शब्दही जवळजवळ तेच. फक्त तुमचे आजोबा जिथे 'गलबत' म्हणतात तिथे आमची आजी 'बातो' म्हणायची. क्रिओलमध्ये बातो म्हणजे बोट. आईला मी 'गलबत' चा अर्थ सांगितला, तेव्हापासून ती ते कडवे दोन्ही शब्द घालून म्हणते आहे.